दाढेची शंका आणि मनाची शंका

या सदरात एरवी रुग्णांच्या तक्रारींविषयी लिहिले जाते. किडलेली दाढ, हिरड्यांतून येणारे रक्त, मिश्रीने झिजलेले दात असे त्याचे विषय. आज मात्र खुर्चीवर आडव्या झालेल्या माणसाविषयी नव्हे, तर त्या खुर्चीशेजारी हातमोजे चढवून उभ्या असलेल्या माणसाविषयी लिहायचे आहे. पनवेलमध्ये माझा स्वतःचा दातांचा दवाखाना आहे. असा दवाखाना चालविणारा माणूस डॉक्टरही असतो आणि मालकही. या दोन्ही भूमिका एकट्याने निभावताना स्वतःच्या कुवतीविषयी जी शंका मनात घर करून बसते, तिच्याविषयी मला आज बोलायचे आहे.

काही वाचक म्हणतील, हा तुम्हा डॉक्टरांचा घरगुती प्रश्न, आम्हाला त्याचे काय? प्रश्न रास्त आहे. पण आपण ज्याच्यासमोर तोंड उघडून, डोळे मिटून पडतो, त्याच्या मनातली भीती आपल्या उपचारात उतरते. घाबरलेला डॉक्टर नको त्या गोळ्या लिहून देतो, करायला हवे ते काम लांबणीवर टाकतो, कधी नको ते काम करून बसतो. तेव्हा हा विषय रुग्णाच्याही आरोग्याचाच आहे.

सही करणारे कोणी नाही

बी.डी.एस.चा अभ्यासक्रम चार वर्षांचा आणि त्यानंतर एक वर्ष इंटर्नशिप. या काळात विद्यार्थ्याच्या प्रत्येक पायरीवर कोणी तरी लक्ष ठेवून असते. कीड काढली, दाखवा. दाढेला आकार दिला, दाखवा. सर किंवा मॅडम आरसा घालून पाहणार, मान हलविणार आणि पुस्तिकेत सही करणार, मगच पुढची पायरी. ही सही म्हणजे विद्यार्थ्याची ढाल असते. काही चुकलेच तर सावरायला मागे कोणी तरी उभे आहे, एवढा तिचा अर्थ.

मग पदवी मिळते, राज्य दंत परिषदेकडे नोंदणी होते, बँकेचे कर्ज मंजूर होते, सत्यनारायण होतो, पेढे वाटले जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला रुग्ण येतो आणि डॉक्टरच्या लक्षात येते की आता सही करणारे कोणी नाही. त्यातच मालकपण येऊन बसते. खुर्चीचा हप्ता, गाळ्याचे भाडे, मदतनीस मुलीचा पगार, कवळ्या आणि कॅप बनविणाऱ्या लॅबचे बिल, वीजबिल, पाणी साचून बंद पडणारा कॉम्प्रेसर, या सगळ्यांचा धनी एकच. दाढ कशी काढावी हे पाच वर्षे शिकविले जाते. महिन्याचा हिशेब कसा जुळवावा, नाराज रुग्णाशी कसे बोलावे, फी कशी सांगावी, हे मात्र अभ्यासक्रमात नावापुरतेच असते.

आमच्या पनवेलची परिस्थिती त्यात आणखी भर घालते. हे तळ्यांचे, वाड्यांचे आणि भातगिरण्यांचे जुने गाव. औषधाशी या गावाचे नातेही जुने आहे. आयुर्वेदिक औषधे बनविणारा धूतपापेश्वर हा कारखाना १८७२ सालापासूनचा आणि तो पनवेलचाच. उरण, पेण, खालापूर, कर्जत या बाजूंचे लोक एस.टी.ने पनवेलला येत आणि दवाखान्याचे काम उरकून बाजार करून परत जात. पुढे सिडकोची वसाहत झाली, खांदा कॉलनी, कळंबोली, कामोठे, खारघर वाढत गेले. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेलची महानगरपालिका झाली आणि डिसेंबर २०२५ मध्ये नव्या विमानतळावरून विमानेही उडू लागली. आज नव्या वस्तीत जवळजवळ प्रत्येक इमारतीखाली दाताचे चित्र असलेली पाटी दिसते. हाकेच्या अंतरावर कामोठे, खारघर, बेलापूर, नेरूळ येथे दंत महाविद्यालये आहेत आणि तेथे उपचार स्वस्तात होतात. शिवाय साखळी पद्धतीचे चकचकीत दवाखाने आले, त्यांच्या जाहिराती मोबाईलवर दिसतात. अशा वेळी दुपारी चार वाजता रिकाम्या खुर्चीकडे पाहत बसलेल्या डॉक्टरच्या मनात प्रश्न येतो, 'मला खरेच जमते का हे?'

स्त्री डॉक्टरांच्या वाट्याला याची आणखी एक तऱ्हा येते. पांढरा कोट घालून समोर उभे असताना रुग्ण विचारतो, "मॅडम, डॉक्टर केव्हा येतील?" मी आता शांतपणे सांगते, "आल्या आहेत, बसा." पण नव्याने दवाखाना उघडलेल्या मुलीला तो प्रश्न रात्री झोपताना आठवतो, हे मला ठाऊक आहे.

शंका दोन प्रकारच्या

माझे मत असे की आपण दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देतो आणि तेथेच घोटाळा होतो. एक असते दाढेची शंका आणि दुसरी मनाची शंका.

दाढेची शंका म्हणजे समोरच्या कामाविषयीची शंका. वरच्या पहिल्या दाढेचे उदाहरण घ्या. या दाढेला मुळे तीन असतात, म्हणून आतल्या नळ्याही तीनच असतील असे वाटते. पण गालाकडच्या पुढच्या मुळात बहुतेक वेळा आणखी एक बारीक नळी लपलेली असते. ती सापडली नाही तर रूट कॅनाल करूनही दाढ ठणकत राहू शकते. ज्याला शंका येते तो भिंग लावतो, उजेड वाढवितो, वेगळ्या कोनातून दुसरा एक्स-रे काढतो आणि चौथी नळी शोधतो. ज्याला शंका येत नाही तो तीन नळ्या भरून मोकळा होतो. खालच्या अक्कलदाढेची मुळे जबड्यातल्या शिरेला टेकली आहेत का, रुग्ण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेतो का, त्याची साखर किती, या शंका ज्याला येतात तोच डॉक्टर सुरक्षित. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या दात काढण्यासाठी स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नयेत, हे वाचकांनीही लक्षात ठेवावे. अशा वेळी शंका आलेला डॉक्टर हृदयरोगतज्ज्ञाला फोन करतो. त्या फोनमुळे रुग्णाचे भलेच होते.

मनाची शंका वेगळी. ती दाढेविषयी काही विचारीत नाही. 'या खुर्चीशेजारी उभे राहण्याची तुझी लायकी आहे का?' एवढेच ती विचारते. या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही एक्स-रेत दिसत नाही. पहिल्या शंकेमुळे डॉक्टर काही तरी तपासतो, दुसरीमुळे तो नुसता कोमेजतो. आत्मविश्वास वाढविण्याच्या नावाखाली पहिली शंका मारून टाकणे धोक्याचे आहे. आणि दुसरीला नम्रता समजून कुरवाळत बसणेही तितकेच धोक्याचे.

मनाच्या शंकेने काय बिघडते

मनाची शंका रुग्णापर्यंत कशी पोचते ते पाहा. नसेपर्यंत कीड गेलेली दाढ ठणकते आहे. उपाय आहे तो दाढ उघडून नस काढणे. पण डॉक्टर बिचकतो आणि पाच दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या लिहून देतो. नसेच्या दुखण्यावर अँटिबायोटिक हा उपायच नव्हे. पाच दिवस वाया जातात, दुखणे तेथेच राहते आणि गरज नसताना घेतलेल्या गोळ्यांमुळे पुढे त्या निकामी ठरण्याचा धोका वाढतो.

दुसरा परिणाम उलट्या दिशेचा. शंकेवर उतारा म्हणून काही जण कर्ज काढून महागडे यंत्र आणतात. यंत्र वाईट नसते. परंतु त्याचा हप्ता दरमहा येतो आणि मग यंत्राला काम मिळावे म्हणून रुग्णाच्या तोंडात काम शोधले जाण्याचा मोह होतो. स्वतःवरचा विश्वास विकत घ्यायला गेले की त्याची किंमत शेवटी रुग्ण चुकवितो.

तिसरा परिणाम म्हणजे रुग्णाच्या मागणीपुढे मान तुकविणे. "डॉक्टर, काढूनच टाका," असे रुग्ण म्हणतो. दाढ वाचण्यासारखी आहे हे दिसत असते, पण समजावून सांगण्याइतका स्वतःवर विश्वास नसतो. दाढ जाते. काही वर्षांनी शेजारची दाढ त्या फटीत कलते, वरची दाढ खाली उतरते आणि चावणे बिघडते.

चौथा परिणाम फीचा. मनात शंका असली की फी सांगताना आवाज खाली जातो. रुग्णाने न मागताच डॉक्टर आकडा कमी करतो. हा दयाळूपणा वाटतो, पण प्रत्येक वेळी तो दयाळूपणा असतोच असे नाही. गरिबाला सवलत जरूर द्यावी, मीही देते. तथापि भीतीपोटी दिलेली सवलत कुठून तरी भरून काढावी लागते. ऑटोक्लेव्हमध्ये हत्यारे १२१ अंश सेल्सिअस तापमानाला, १५ पौंड दाबाखाली १५ ते २० मिनिटे ठेवावी लागतात, आणि वाफ भरायला व हत्यारे सुकायला लागणारा वेळ त्याहून वेगळा. एवढ्यासाठी हत्यारांचे जादा संच लागतात. प्रत्येक रुग्णाला नवे हातमोजे, नवी सुई लागते. फी खर्चाच्या खाली गेली की पहिला डोळा या गोष्टींवर जातो. म्हणून फी ठामपणे सांगणे हा रुग्णाच्या सुरक्षिततेचाच भाग आहे, असे मी मानते.

एक फसलेला प्रयोग

मनाची शंका किती खोल जाऊ शकते याचे एक ऐतिहासिक उदाहरण दंतवैद्यकातच आहे. अमेरिकेतील हार्टफर्ड गावी होरेस वेल्स नावाचा दंतवैद्य होता. डिसेंबर १८४४ मध्ये हास्यवायूचा एक जाहीर खेळ पाहताना त्याच्या ध्यानात आले की हा वायू हुंगलेल्या माणसाला लागल्याचे दुःख जाणवत नाही. दुसऱ्याच दिवशी त्याने तो वायू स्वतः घेतला आणि आपलीच दाढ काढवून घेतली. वेदना झाल्या नाहीत. पुढे त्याने जवळपास पंधरा रुग्णांवर हा प्रयोग केला. जानेवारी १८४५ मध्ये बोस्टनमध्ये विद्यार्थ्यांसमोर प्रात्यक्षिक दाखविताना मात्र वायूची पिशवी लवकर बाजूला झाली आणि दात काढताना रुग्ण ओरडला. जमलेल्यांनी वेल्सला भोंदू म्हणून हिणविले. रुग्णाने नंतर सांगितले की आपल्याला फारसे दुखले नव्हते, पण तोपर्यंत उशीर झाला होता.

वेल्स त्या दिवसातून सावरला नाही. दवाखाना कधी बंद, कधी चालू असे होत गेले. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी त्याचाच पूर्वीचा सहकारी विल्यम मॉर्टन याने बोस्टनमध्येच ईथरने भूल देऊन दाखविली आणि सारे श्रेय त्याच्याकडे गेले. १८४८ साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी वेल्सने स्वतःचे आयुष्य संपविले. १८६४ मध्ये अमेरिकन डेंटल असोसिएशनने भुलेचा शोध वेल्सचाच असल्याचे मान्य केले. त्याचा तो वायू आजही दंतवैद्यकात वापरला जातो.

वेल्सच्या शेवटाला कारणे अनेक होती. आपल्यापुरता यातला हिशेब पाहा. एका बाजूला पंधराएक यशस्वी रुग्ण, दुसऱ्या बाजूला चारचौघांत फसलेला एक. ताजवा तरीही त्या एकाच्या बाजूला झुकला. दवाखाना चालविणाऱ्या प्रत्येकाच्या मनातला ताजवा असाच खोटा असतो आणि याचे एक साधे कारण आहे.

ज्याची दाढ दुखते तो परत येतो

आपला पेशाच असा आहे की ज्याचे बरे झाले तो दिसेनासा होतो. रूट कॅनाल केलेली दाढ दहा वर्षे बिनतक्रार चावते आहे, असे सांगायला कोणी मुद्दाम येत नाही. ज्याची कॅप निघाली, सिमेंट पडले, सूज आली, तो दुसऱ्या दिवशी दारात हजर. साहजिकच डॉक्टरच्या डोळ्यांसमोर अपयशे रांगेने उभी असतात आणि यश गावात कुठे तरी भाकरी चावत असते. केवळ आठवणीवर विसंबून आपल्या कामाचा निवाडा केला तर निकाल नेहमीच आपल्या विरुद्ध लागणार.

यावर मला सापडलेला उपाय अगदी जुन्या पद्धतीचा आहे. एक नोंदवही. त्यात तारीख, दात कोणता, काय केले, कोणती अडचण आली, एवढे लिहायचे. सहा महिन्यांनी आणि वर्षाने रुग्णाला फोन करून बोलवायचे, दाढ तपासायची, गरज असेल तर एक्स-रे काढायचा आणि त्याच ओळीपुढे निकाल लिहायचा. निकाल चांगला असो वा वाईट, लिहायचाच. चांगल्या हातांनी, चांगल्या साधनांनी केलेले पहिले रूट कॅनाल शंभरात साधारण ८५ ते ९५ दाढांत यशस्वी ठरते, असे अभ्यास सांगतात. म्हणजे सर्व काही नीट करूनही काही दाढा दगा देणारच. वहीतला आकडा या मर्यादेत असेल तर मनाच्या शंकेला उत्तर मिळाले. तो त्याहून खाली असेल तर तेही उत्तरच. कोणत्या दाढेत, कोणत्या पायरीवर अडते हे वही दाखविते आणि मग तेवढेच शिकायला कुठे जायचे ते कळते. मनातला मोघम धाक वहीत उतरला की त्याचे काम बनते.

तोतये कोण?

१९७८ साली पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक निबंध प्रसिद्ध केला. दीडशेहून अधिक कर्तबगार स्त्रियांशी झालेल्या कामातून त्यांना आढळले की पदव्या, मानसन्मान सारे असूनही यांपैकी अनेकींना वाटत होते, आपण लोकांना फसवीत आहोत, एक दिवस आपले बिंग फुटणार. या भावनेला त्यांनी जे नाव दिले, त्यासाठी मराठीत तोतयेपणा हा शब्द चपखल बसतो. ही भावना पुरुषांतही आढळते, हे पुढच्या अभ्यासांतून दिसून आले.

आता मराठी माणसाला तोतया म्हटले की आठवतो तो सदाशिवरावभाऊंचा तोतया. १७६१ च्या पानिपतानंतर तो उभा राहिला, कोकणात त्याने मोठे बंड माजविले आणि १७७६ मध्ये त्याला देहान्त शासन झाले. त्याला आपण खरे भाऊ आहोत की नाही अशी शंका पडून झोप लागत नव्हती, असे कोणी म्हणेल काय? खरा तोतया शंकेने बेजार होत नसतो. त्याचा सारा धंदाच ठामपणावर चालतो.

आमच्या क्षेत्रातही हेच दिसते. कायद्यानुसार नोंदणी असल्याशिवाय दातांचा व्यवसाय करता येत नाही. तरीही आठवडा बाजारात, नाक्यावर पथारी पसरून कोणी तरी जागच्या जागी दात बसवून देतो. हिरडीत गच्च रुतणारा तो दात शेजारचे चांगले दातही खराब करतो. त्या माणसाच्या बोलण्यात किती विश्वास असतो ते कधी ऐका. 'गॅरंटी' हा शब्द त्याच्याइतक्या सहजतेने कोणी उच्चारीत नाही. तेव्हा ज्या डॉक्टरला 'मी तोतया तर नाही ना?' असे वाटते, त्याने निदान एवढे समाधान मानावे की तोतयांना हा प्रश्न पडत नाही. मात्र नुसता प्रश्न पडला म्हणून आपण तज्ज्ञ ठरत नाही. त्यासाठी वही हवीच.

कायदा काय मागतो

शंकेचे आणखी एक मोठे कारण म्हणजे कोर्टाची भीती. नोव्हेंबर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते, असा निर्णय दिला. तेव्हापासून कागदावर 'ग्राहक' हा शब्द दिसला तरी काही डॉक्टरांच्या छातीत धडधडते. पण त्याच न्यायालयाने २००५ मध्ये जेकब मॅथ्यू प्रकरणात काय म्हटले तेही वाचायला हवे. डॉक्टरकडे त्या विषयातले सर्वोच्च कौशल्य असले पाहिजे, अशी अपेक्षा कायदा करीत नाही. त्या व्यवसायातील सर्वसाधारण सक्षम माणूस जेवढे कौशल्य आणि जेवढी काळजी वापरतो, तेवढी वापरली का, एवढेच पाहिले जाते. निर्णयात झालेली प्रत्येक चूक म्हणजे हलगर्जीपणा नव्हे, हेही तेथे स्पष्ट केले आहे.

मला हा निकाल वकिलापेक्षा डॉक्टरने वाचण्यासारखा वाटतो. आपल्या मनातले न्यायालय देशाच्या न्यायालयाहून कठोर असते. कायदा म्हणतो, रीतसर काम कर, नोंद ठेव, रुग्णाला समजावून त्याची संमती घे. मन म्हणते, तू गावात सर्वोत्तम का नाहीस? पहिली मागणी पुरी करता येते, दुसरी कधीच नाही.

एकट्याने राहू नये

वहीखालोखाल उपयोगी पडते ती माणसांची सोबत. एकट्याने चालविलेल्या दवाखान्यात दिवसभर माणसे असूनही डॉक्टर एकटाच असतो. अवघड एक्स-रे दाखवायला, 'तू असतास तर काय केले असतेस?' असे विचारायला दोन-तीन सहकारी हवेतच. शेजारचा दवाखाना म्हणजे स्पर्धक खरा, पण रविवारी सकाळी चहावर तोच आपला शिक्षक होऊ शकतो. इंडियन डेंटल असोसिएशनच्या शाखांत व्याख्याने होतात, ती चांगलीच. माझी सूचना अशी की प्रत्येक शाखेने नव्याने दवाखाना उघडणाऱ्याला पहिली दोन वर्षे एक ज्येष्ठ सहकारी नेमून द्यावा. महाविद्यालयातली सही सुटते आणि स्वतःची सही पक्की होते, यांमधला हा काळ असतो. तेवढा आधार मिळाला तर अनेक चांगले हात या व्यवसायात टिकतील.

अवघड रुग्ण दुसऱ्याकडे पाठविण्यात कमीपणा मानू नये, हेही येथेच सांगते. तिरपी अक्कलदाढ मुखशल्यचिकित्सकाकडे, तोंडातला न भरणारा पांढरा किंवा लाल चट्टा वेळ न दवडता तज्ज्ञाकडे. चिठ्ठी लिहून देणारा डॉक्टर रुग्णाला गमावीत नाही. मी पाठविलेले बहुतेक रुग्ण पुढच्या वेळी घरच्यांना घेऊन आलेले आहेत.

सुरुवातीच्या उपेक्षेने खचायचे नाही याचा धडा आपल्याच देशात आहे. डॉ. रफिउद्दीन अहमद अमेरिकेतील आयोवा येथून १९१५ मध्ये पदवी घेऊन पुढे भारतात परतले आणि १९२० साली त्यांनी कलकत्त्यात देशातले पहिले दंत महाविद्यालय काढले. त्यासाठी पैसा उभा केला तो 'न्यूयॉर्क सोडा फाउंटन' नावाचे दुकान चालवून. पहिल्या तीन वर्षांत विद्यार्थी मिळाले अवघे ११. तरी त्यांनी संस्था चालविली. त्यांचा जन्मदिवस २४ डिसेंबर हा आज आपल्याकडे दंतवैद्यकदिन म्हणून पाळला जातो. देशात आता तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत.

मात्र एक इशारा. शंका सतत पाठीमागे लागली, झोप उडाली, दवाखान्यात जावेसे वाटेनासे झाले, संध्याकाळी पेल्याचा आधार लागू लागला, जगणे नकोसे वाटू लागले, तर ते आत्मविश्वासाचे प्रकरण राहिलेले नसते. तो आजार असतो आणि त्याला उपचार असतात. मनोविकारतज्ज्ञाकडे जावे. 'टेलि-मानस' ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य मिळते. रुग्णाला दुखणे अंगावर काढू नका असे सांगणाऱ्यांनी स्वतःचे दुखणे अंगावर काढू नये.

वाचकांकडून अपेक्षा

शेवटी थोडे वाचकांसाठी. तुमचा दंतवैद्य "मला एकदा पुन्हा एक्स-रे पाहू द्या" किंवा "हे काम माझ्यापेक्षा अमुक तज्ज्ञ चांगले करतील" असे म्हणाला तर त्याला कमी लेखू नका. उपचार सुरू करण्याआधी तीन प्रश्न जरूर विचारा: हे न केल्यास काय होईल, याला दुसरा पर्याय कोणता, आणि एकूण खर्च किती? दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यावेसे वाटले तर संकोच करू नका. प्रश्न विचारल्याने चांगला डॉक्टर रागावत नाही, उलट त्याचे काम सोपे होते. शंभर टक्के हमी देणाऱ्यापासून मात्र चार हात दूर राहा.

आणि सहा महिन्यांनी दवाखान्यातून तपासणीचा फोन आला तर 'आता दुखत नाही, कशाला जायचे?' असे म्हणू नका. दुखत नाही हे सांगायलाच या. तुमच्या दाढेची तपासणी होईल आणि आमच्या वहीत तुमच्या नावापुढची रिकामी राहिलेली ओळ भरेल.